थोरलीची हद्द

ही घडलेली गोष्ट आहे. खोटी वाटली तर वाटू दे, पण मधेच "हॅ, काहीतरीच" म्हणायचं नाही. कारण हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी. आणि मावशीला साधा विनोद धड सांगता येत नाही, शेवट आधी सांगून स्वतःच हसत सुटते. ती बाई भुताची गोष्ट कुठून रचणार?

आणि भूत म्हटलं की अंधारी रात्र, रडणारी कुत्री... तसलं काही नव्हतं.

संध्याकाळ होती. चांगला उजेड होता. वसाहतीच्या वार्षिक सभेची आदली संध्याकाळ.

जागा म्हणजे मावशीच्या घराचं मागचं दार.

आधी वसाहत समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथं सगळी घरं एका कडेला बांधली आहेत, अगदी खांद्याला खांदा लावून. एका घरात शिंक आली की शेजारचे रुमाल शोधतात. इतकी दाटी कशाला? तर उरलेली जमीन कायमची मोकळी राहावी म्हणून. घरांच्या मागे मोठा माळ, कमरेएवढं गवत, मधे तळं, पलीकडे झाडी. तिथं भिंत घालायची नाही, कुंपण घालायचं नाही, साधी खुर्चीसुद्धा ठेवायची नाही. माळ सगळ्यांचा, म्हणजे कुणा एकाचा नाही. प्रत्येकाच्या मागच्या अंगणापुढे चुना लावलेले दगड रोवलेले आहेत. ती हद्द.

हा माळ सांभाळायची मावशीची थोरली जाऊ. गवत कधी कापायचं, कुठला पट्टा पाखरांच्या घरट्यांसाठी तसाच सोडायचा, तळ्यातलं शेवाळ कधी काढायचं, सगळं तिच्या शब्दावर चालायचं. पण तिचं खरं काम म्हणजे हद्द फिरणं. मोकळी जागा दिसली की माणूस हळूच पाय पसरतोच. आज एक कुंडी दगडापलीकडे, उद्या सायकल, परवा कपड्यांची दोरी. थोरली कुणाला नोटीस पाठवायची नाही की भांडायची नाही. गमबूट घालून यायची, वस्तू उचलायची, जड असली तर घासत आणायची, आणि ज्याची त्याच्या मागच्या दाराशी नेऊन ठेवायची.

खर्रर्र... खर्रर्र... ठक.

तो 'ठक' ऐकला की घरातले जीभ चावायचे आणि गप्प बसायचे. तिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

आणि मावशी?

मावशी जळायची.

दोघा भावांची घरं एकमेकांना लागून, मधली भिंत एकच. थोरलीला सगळे 'मोठ्या ताई' म्हणायचे, म्हणून मावशी आपोआप 'धाकट्या ताई' झाली. तिच्या स्वतःच्या नावानं तिला तिथं कुणी कधी हाक मारली नाही. काका, म्हणजे मावशीचे यजमान, नळ गळायला लागला तरी म्हणायचे, "वहिनीला विचार, तिला माहीत असेल." मावशीनं हौसेनं पडदे शिवले, तर शाबासकी काय मिळाली? "अगदी वहिनीच्या पडद्यांसारखे झालेत गं!" मावशीनं ते पडदे आठवड्याच्या आत काढून टाकले.

मग थोरली गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेलीच.

मावशी ढसाढसा रडली. खोटं नाही रडली. पण रडताना आत कुठंतरी हलकंही वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही हलकंच वाटत होतं.

माळाचं काम आता कोण बघणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सेक्रेटरींचं वाक्य पुरं व्हायच्या आत मावशीचा हात वर.

"बरं, तूर्त तुम्ही बघा धाकट्या ताई," सेक्रेटरी म्हणाले. "कायमचं वार्षिक सभेत ठरवू."

बस. मावशीला दुसरं काही दिसेना. सभेपर्यंत अशी छाप पाडायची की 'मोठ्या ताई' हे नाव लोकांच्या तोंडातून पुसलं जाईल. पण गवताची, तळ्याची माहिती थोरलीएवढी नव्हती. मग जे थोरलीनं कधीच केलं नाही ते मावशीनं केलं.

तिनं सूट दिली.

"ठेवा हो कुंड्या पुढे," ती दातांच्या डॉक्टरांना म्हणाली. "माळ काय पळून जातोय?"

डॉक्टरांचे गुलाब हद्दीपलीकडे गेले. त्यांचं बघून शेजारच्या निवृत्त मास्तरांनी बाक टाकला. कुणी झोपाळा लावला, कुणी मिरच्या-टोमॅटो लावले. आणि सगळं सरळ, नीटनेटकं दिसावं म्हणून मावशीनं वसाहतीच्या माळ्याला हाताशी घेऊन हद्दीचे दगडच उपटले आणि पुढे नेऊन रोवले.

दगड काय, दगडच. तिला वाटलं, कुणाचं काय जातंय?

लोक खूश. "मोठ्या ताई फार कडक होत्या हो. तुम्ही माणसांतल्या!" मावशी तरंगतच घरी आली आणि काकांना सांगितलं.

काकांनी पेपरातून मान वर केली नाही. "वहिनीनं नसतं असं केलं," एवढंच म्हणाले.

मावशीच्या मस्तकात तिडीक गेली.

त्यानंतरची एक दुपार. जेवणं होऊन सगळी वसाहत लवंडली होती. मावशी भांडी पुसत होती. आणि एकदम...

माळावरची पाखरं गप्प झाली.

एकसुद्धा आवाज नाही. गवतातले किडेसुद्धा बंद.

आणि मग...

खर्रर्र... खर्रर्र...

ठक.

मावशीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिनं खिडकीतून बघितलं. माळावर कुणी नव्हतं. वारा नव्हता. पण गवतात एक रेघ हलत गेली, कुणीतरी चालत गेल्यासारखी... तळ्याकडे.

संध्याकाळी दातांचे डॉक्टर तावातावानं दारात हजर. "धाकट्या ताई, हे बरं आहे! आधी म्हणता ठेवा पुढे, आणि मग मी झोपल्यावर उचलून आणता?"

"मी? मी कशाला आणू?"

"मग काय कुंड्या चालत आल्या?"

कुंड्या त्यांच्या मागच्या दाराशी होत्या. ओळीनं. मोठ्या मागे, लहान पुढे. थोरली तशाच लावायची.

पुढच्या दुपारी बाक. मग झोपाळा. टोमॅटोची रोपं तर मुळांच्या मातीसकट डब्यांत लावून दाराशी ठेवलेली, एक पान मोडलेलं नाही. आणि दगड... दगड जुन्या जागी. तेही असे, की भोवती गवत दाट उगवलेलं. जसे कधी हललेच नव्हते. पुढे जिथं मावशीनं ते रोवले होते, तिथं खड्ड्याची खूणसुद्धा नाही.

मावशी थोरल्या दिरांकडे गेली. ते एकटेच राहत होते, भिंतीपलीकडे.

"भावजी, तुम्हाला दुपारी काही ऐकू येतं का हो?"

"येतं की," ते शांतपणे म्हणाले. "बुटांचा आवाज. रोज येतो. ती माळावरून आली की बूट आपटते ना, माती पडावी म्हणून."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तिची? मला बरं वाटतं."

खरं तर मावशीनं तिथंच हात जोडायचे आणि काम सोडून द्यायचं. पण घरी येताना तिच्या मनात काय चाललं होतं माहीत आहे? ती मला स्वतः म्हणाली. 'मेल्यावरसुद्धा हिचंच कौतुक! रोज येते, आणि मला साधी दिसत नाही!'

मग एक वेगळंच झालं. पहिला राग ओसरल्यावर लोकांना माळ आवडायला लागला. कडेची अडगळ गेली, गवताचा पट्टा पुन्हा अखंड दिसायला लागला, खूप दिवसांनी टिटव्या परतल्या. तळ्यातलं शेवाळ कुणीतरी काढून काठावर वाळत घातलेलं होतं. दुकानात भर गर्दीत सेक्रेटरींनी मावशीला थांबवलं.

"धाकट्या ताई, मानलं तुम्हाला. आधी गोडीनं घेतलंत आणि मग बरोबर हिसका दाखवलात. हे सगळं तुम्हीच केलंत ना?"

सगळे बघत होते. डॉक्टर होते, मास्तर होते.

मावशीनं खांद्यावरचा पदर सारखा केला.

आणि म्हणाली, "हो. मीच."

त्या दुपारी खर्रर्र आवाज आला तो माळावरून नाही.

मावशीच्या अंगणातून आला.

ती धावत मागे गेली. तिच्या मागच्या अंगणापुढचा हद्दीचा दगड जागेवर नव्हता. तो आत सरकला होता... कपड्यांच्या दोरीपर्यंत. दोरीवरचे कपडे घड्या घालून पायरीवर ठेवलेले. मावशीनं दातओठ खात दगड उपटला, जुन्या जागी नेला, लाथेनं माती दाबली. दुसऱ्या दिवशी तो धुण्याच्या दगडापाशी. तिनं पुन्हा नेला. मग पायरीशी. बाकी कुणाचाही दगड बोटभर हलला नव्हता.

"अहो, बघताय ना तुम्ही?" ती काकांना म्हणाली.

काकांनी वाकून दगडाच्या चुन्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तू वहिनीला काही बोललीस का?"

मावशी इतकी भडकली की त्या रात्री दोघांत एक शब्द झाला नाही.

आणि आली सभेची आदली संध्याकाळ.

मावशीनं मागचं दार उघडलं. दगड उंबऱ्याला टेकलेला होता. चुना ताजा, पांढराशुभ्र. उंबऱ्यापलीकडे अंगण नव्हतंच. होतं ते गवत... कमरेएवढं, थेट दारापर्यंत. काल तिथं फरशी होती.

कुणीही दार लावून घेतलं असतं. मावशीनं पदर खोचला.

"पुरे आता ताई!" ती ओरडली. "जिवंतपणी सगळं तुमचं होतं. नाव तुमचं, मान तुमचा, माझा नवरासुद्धा तुमचंच ऐकायचा. आता हे काम माझं आहे!"

आणि तिनं दगड ओलांडून गवतात पाय टाकला.

पाखरं गप्प झाली.

ओल्या रबराचा वास आला... अगदी जवळून. पाठीमागून.

आणि मावशीच्या दोन्ही काखांत दोन हात आले.

थंड नव्हते. तेच तिला सगळ्यांत भयंकर वाटलं. हात नेहमीच्या माणसाचे होते, कामाची सवय असलेले. त्यांनी तिला अलगद मागे ओढलं. तिच्या टाचा जमिनीवर घासत गेल्या.

खर्रर्र... खर्रर्र...

ठक.

मावशी स्वयंपाकघरात उभी होती. दाराकडे पाठ करून. अंगावर एक ओरखडा नाही. पदर नीट केलेला.

ती त्याच उजेडात डॉक्टरांच्या अंगणातून माळावर जायला गेली. ठक. स्वयंपाकघर. वळसा घालून तळ्याच्या बाजूनं गेली. ठक. अंधार पडेपर्यंत ती जात राहिली, आणि दर वेळी कुणीतरी तिला आणून जागच्या जागी ठेवत राहिलं. राग नाही, आरडाओरडा नाही. हद्दीबाहेर आलेली कुंडी परत ठेवावी तसं.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. माळाची देखभाल कायमची मावशीकडे, एकमतानं. टाळ्या झाल्या. सेक्रेटरी म्हणाले, "अगदी मोठ्या ताईंच्या तोडीचं काम!" मावशीनं उठून नमस्कार केला. काय करणार?

तेव्हापासून माळ मावशीचा आहे, आणि तिनं त्यावर एकदाही पाऊल टाकलेलं नाही. काम वेळच्या वेळी होतं. गवत कापलं जातं, शेवाळ निघतं, कुंड्या परत येतात. लोक नावाजतात. मावशी मागच्या खिडकीशी बसून असते आणि हलणाऱ्या गवताकडे बघते. अंगणातली फरशी पुन्हा दिसायला लागली आहे, पण दगड मात्र उंबऱ्याशीच. काका म्हणतात, तिला भास होतात. दगडाचं विचारलं की विषय बदलतात.

मी गेल्या महिन्यात गेले होते. दगड मी डोळ्यांनी बघितला. हात लावायचं धाडस झालं नाही. मग मनाचा हिय्या करून तो ओलांडला आणि माळावर गेले. काही झालं नाही. ऊन छान होतं, तळ्यावर टिटव्या ओरडत होत्या. एकदा मात्र वाटलं की कुणीतरी बरोबर चालतंय... सावकाश, माझ्या पावलाला पाऊल लावून, जागा दाखवायला आल्यासारखं.

परत आले तर मावशी दारात उभी. पायाची बोटं बरोबर दगडाला टेकलेली.

"तळ्यापर्यंत गेलीस?"

"हो."

"काही केलं नाही तिनं?"

"नाही गं."

मला वाटलं, तिला हायसं वाटलं असेल. म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मावशीनं लहानपणापासून माझ्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं.

"तुला बरी फिरू देते," ती म्हणाली.