तिसरा सेन्सर

दुपारचे दोन. तपासणी केंद्राची तळमजल्यावरची खोली, खिडक्या सताड उघड्या. टेबलावर, डोंगरावर आपटलेल्या मालवाहू विमानातले तीन सेन्सर.

हवेचा दाब मोजायचा आणि उंची सांगायची, एवढंच त्यांचं काम. तिघांत मतभेद झाला की विमानाचा संगणक दोघांचं ऐकतो आणि तिसऱ्याला वेड्यात काढतो. त्या दिवशी दोघांनी सांगितलं, विमान उंचावर आहे. तिसरा एकटाच बोंबलत होता, जमीन जवळ आली म्हणून.

तपासनीस बाईंनी सकाळी तिघांना काचेच्या बंद हंडीत ठेवून तोच प्रवास पुन्हा घडवला होता. हवा उपसून काढली, मग हळूहळू आत सोडली. दोघं वरच अडकले. तिसरा बिनचूक खाली आला. खोटं कोण बोललं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण ते दोघं सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या मालातले, आणि तोच माल आज कितीतरी विमानांत बसलेला.

केंद्राच्या साहेबांनी आवाज चढवला नाही. असली माणसं चढवत नाहीत. त्यांनी बाईंच्या अडलेल्या बढतीची आपुलकीने चौकशी केली आणि म्हणाले, "दोघं एक सांगतात, एकटा भलतंच. बिघडलेला कोण, हे मी तुम्हाला शिकवू?"

बाहेर बाकावर मेलेल्या वैमानिकाचे वडील बसले होते. पोराने डुलकी काढली, असं लोक तोंडावर बोलत. चूक त्याची नव्हती, एवढंच म्हाताऱ्याला ऐकायचं होतं. साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

बाईंनी टेबलाकडे बघत सांगितलं, "एक सेन्सर बिघडला होता. विमान उंचावरच होतं... तुमच्या मुलाने खाली घातलं."

म्हातारा म्हणाला, "तुम्ही शिकलेली माणसं. खोटं कशाला सांगाल?"

धरणीने पोटात घ्यावं, असं बाईंना झालं.

आणि बाईंचे कान दडपले. साहेबही कानात बोट घालून हलवू लागले. खोलीत ओल्या मातीचा वास पसरला.

"बाई," म्हातारा हळूच म्हणाला, "विमान उतरताना होतं तसं होतंय... एकदा नेलं होतं त्यानं मला. आवंढा गिळा बाबा, म्हणाला होता."

बाईंनी सेन्सरना जोडलेल्या संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. दोघांचे आकडे हलले नव्हते. तिसऱ्याचा उतरत होता. फरशीच्या पातळीला आला, थांबला नाही. खाली... आणखी खाली. खिडकीबाहेर झाडं, फाटक, साहेबांची गाडी, सगळं जागच्या जागी होतं.

बाईंनी तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "सर्दी असेल." बाईंनी आवंढा गिळला, त्याबरोबर शब्दही. म्हातारा हात जोडून निघून गेला.

बढती झाली. बाईंचे कान अजून उघडलेले नाहीत. डॉक्टरांना कानांत दोष सापडत नाही.

तिसरा सेन्सर बिघडलेला होता, असं अहवाल म्हणतो. मग तिघांचे कान एकाच वेळी कशाने दडपले? बरोबर होता म्हणावं, तर ती खोली तिघांना घेऊन कुठे उतरली? तो आकडा पुन्हा वर आल्याची नोंद कुठेही नाही.