दोन्ही टोकांकडून

छत्री यंत्रावर होती आणि माणूस भिजत होता, हे तिला आधी दिसलं. माणूस नंतर दिसला.

कॉलेजमागच्या रस्त्यावर तिवईवर एक दुर्बीण बसवली होती, तिच्यावर भलीमोठी छत्री बांधली होती, आणि दुर्बिणीला डोळा लावून एक तरुण सर्व्हेअर असा काही वाकला होता की नुसती पाठ बघूनच तिला राग आला. ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. वाकलेली पाठ दिसली की राग येणं, हे त्या वर्षाला आपोआप जमतं. ती थांबली.

"जरा बाजूला होता का?" डोळा न हलवता तो म्हणाला. "तुम्ही माझ्या रेषेत उभ्या आहात."

"रेषा तुमची असेल. रस्ता सगळ्यांचा आहे."

"त्या रस्त्याचंच बघतोय. रुंद करायचाय. तुम्ही हलला नाहीत तर अरुंदच राहील."

एवढं बोलून त्यानं मान वर केली. तिच्या काखेत प्लास्टिकचा पाठीचा कणा होता. वर्गात शिकवायला वापरतात तो, मानेपासून माकडहाडापर्यंत अख्खा, आणि पावसात नको म्हणून तिनं तो स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळला होता.

"हा... कुणाचा?" त्यानं विचारलं.

"याआधी ज्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं, त्याचा."

तो हसला. हसला की त्याचे कान मागे सरकत, हे तिनं तेव्हाच टिपून ठेवलं. समोर दूरवर मोजपट्टी धरून उभे असलेले त्याचे मदतनीस मामा ओरडले, "झालं का? हात भरून आला!"

"तुमचा उजवा खांदा खाली गेलाय," ती म्हणाली. "तिवई त्याच खांद्यावरून नेता ना?"

"इतक्या वर्षांत माझी लेव्हल कुणी तपासली नव्हती."

मग ती बाजूला झाली. फार नाही, छत्रीखाली गेली इतकंच.

तो रस्ता तसा लहानच होता. पण त्याचं मोजमाप काही संपेना. ती भाऊ-वहिनीकडे राहून शिकत होती, आणि वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. "एवढ्या वेळात लोक अख्खा देश मोजून काढतात," वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुमचा तो कोपरा अजून चाललाच आहे का?"

"जमीन उंचसखल आहे," ती म्हणाली.

"असणारच."

त्यानं तिचं नाव मणका ठेवलं आणि तिनं त्याचं तिवई. दुपारी कॅन्टीनच्या बाकावर तो आपलं काम समजावून सांगायचा, आणि ती ऐकता ऐकता त्याचा खांदा दाबून बघायची. त्याच्या कामाची एक रीत तिला फार आवडली होती. जमिनीत ठोकलेल्या खुंटीपासून निघायचं, टप्प्याटप्प्यानं मोजत दुसऱ्या टोकाला जायचं, आणि तिथून उलटं मोजत परत त्याच खुंटीपाशी यायचं. एका टोकाकडून मोजलेलं तो मोजलेलं मानतच नसे.

"परत आल्यावर आकडा जुळतो?"

"कधीच पूर्ण नाही. थोडी चूक राहतेच."

"मग?"

"मग ती सगळ्या टप्प्यांत वाटून टाकायची. कुणा एकाच्याच माथी मारायची नाही."

"आणि फारच मोठी निघाली तर?"

"तर मग..." तो तिच्याकडे बघत राहिला. "पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मला चालेल."

तिनं खांद्यावरचा हात काढला नाही. घरी परतताना मात्र आपण याच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिनं स्वतःशी सरळ कबूल केलं. त्यात लाजण्यासारखं तिला काही वाटलं नाही. थोडी धाकधूक वाटली.

लग्नाचं दोन्ही घरांतून ठरत आलं आणि त्याच सुमाराला त्याची बदली झाली. दूर डोंगरात बोगदा खणायचा होता आणि मोजणीच्या तुकडीचा प्रमुख म्हणून त्याची निवड झाली होती. काम काही वर्षांचं. हे सगळं त्यानं तिला दुर्बिणीतला आकडा वाचून दाखवावा तसं सांगितलं. 

"मग मी तिकडच्या विद्यापीठात बदली घेते," ती म्हणाली.

"तुझं वर्ष मध्येच आहे."

"लोक घेतात मध्ये बदली."

"बघ तुला... कसं वाटतं ते."

ये, असं तो म्हणाला नाही. नको येऊस, असंही नाही. ते तिला लागलं. लागलं ते तिनं दाखवलं नाही आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख मॅडमसमोर जाऊन बसली.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घेतील तुला. पण अर्धवट वर्ष सोडून गेलीस तर वॉर्डात केलेलं काही धरणार नाहीत, पुन्हा दुसऱ्या वर्षात बसवतील. त्यापेक्षा परीक्षा देऊन जा. मग सरळ चौथ्यात—"

"मला आत्ताच जायचंय," ती म्हणाली. मॅडमचं पुढचं वाक्य तिनं ऐकून घेतलंच नाही.

त्या दिवशी वॉर्डात एक काका काठीशिवाय उभे राहिले. बस चालवायचे; पक्षाघाताच्या झटक्यानं डावी बाजू गेली होती आणि त्यांना पुन्हा चालतं करायचं काम तिच्याकडे होतं. "सगळा भार एका पायावर नको काका, दोन्हींवर द्या," ती रोजच्यासारखी म्हणाली. काका घामाघूम होऊन म्हणाले, "तुम्ही जाणार म्हणे? मग नव्या मुलीला सांगून जा, मला डावीकडून धरायचं. उजवीकडून धरलं की मी पडतो." तिनं सांगते म्हटलं आणि जिन्यात जाऊन डोळे पुसले.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "विद्यापीठाचं काय झालं?"

"सगळं जमलं."

खरं सांगितलं असतं तर तो त्याच सपाट आवाजात म्हणाला असता, राहू दे मग. आणि एकदा इथे राहिलो की आपण त्याच्या रेषेच्या बाहेर जाणार, अशी तिला भीती होती. वर्ष गेलं तर गेलं.

तो खोली बघायला म्हणून तिकडे जाऊन आला. आल्यावर तिला त्याच रस्त्यावर बोलावलं. तिवई उभी होती, छत्री बांधलेली होती, मामा पट्टी घेऊन पलीकडे उभे होते. पाऊस नुसता भुरभुरत होता.

"खोली मिळाली?"

"मिळाली. मग तुझ्या विद्यापीठातही जाऊन आलो."

"कशाला?"

"माहितीये तुला. मी दोन्ही टोकांकडून मोजतो." त्यानं तिच्याकडे बघितलं. "तुझ्या आणि त्यांच्या आकड्यात एका अख्ख्या वर्षाची तफावत आहे."

तिला तोंड लपवावंसं वाटलं, म्हणून तिनं आवाज चढवला. "मग? वर्ष माझं आहे. टाकीन नाहीतर ठेवीन."

"आणि मला कधी कळणार होतं?"

"लग्नानंतर. कुठल्यातरी भांडणात."

त्याला हसू आलं. तिला आलं नाही. "एकदा तरी म्हणालास का, ये म्हणून?"

"म्हणालो असतो तर तू आली असतीस."

"अरे मग...!"

"म्हणूनच नाही म्हणालो. माझ्या एका शब्दापायी तुझं सगळं उपटून यायला नको." त्यानं छत्रीची दोरी घट्ट केली. "मी साहेबांशी बोललोय. तुझी परीक्षा होईपर्यंत इथल्या ऑफिसात नकाशे काढीन. बोगद्यावर नंतर जाईन."

"आणि तुकडीचा प्रमुख?"

"होईल कुणीतरी. त्याच्या हाताखाली करीन मी."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. प्रमुख व्हायचं म्हणून हा माणूस शिकल्यापासून उन्हातान्हात उभा होता, आणि आता नकाशे काढीन म्हणत होता. तिला तो इतका आवडला की राग पुरता उतरला. पण बोलली ती स्पष्टच. "म्हणजे माझ्या माथ्यावरची चूक उचलून तू स्वतःच्या माथ्यावर ठेवलीस. याला वाटणं म्हणतात का रे तिवई?"

 आपल्याच कामात आपण चुकलो, हे त्याच्या लाल झालेल्या कानांवर दिसत होतं.

"तू आत्ता जा," ती म्हणाली. "प्रमुख म्हणून जा. मी परीक्षा देते, काकांना चालतं करते आणि येते. वर्ष पूर्ण केलं तर सरळ चौथ्यात घेतात. मॅडम सांगत होत्या, मीच ऐकलं नाही."

"का?"

"मधले महिने... मला एकटीला नको होते."

"मलाही नकोत."

"तेच म्हणतेय. अर्धे तू काढ, अर्धे मी काढते."

त्यानं मान हलवली. मग कितीतरी वेळ दुर्बिणीचा एकच स्क्रू फिरवत राहिला.

"आता म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"जे म्हणाला नाहीस ते."

त्यानं मामांकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं. "ये," तो म्हणाला. आवाज मुळीच सपाट नव्हता. "परीक्षा झाली की ये. मला तू तिथे हवी आहेस. रोज हवी आहेस."

"पट्टी धरून ठेवू," पलीकडून मामा ओरडले, "का खाली बसू?"

"बसा!" दोघंही एकदम ओरडले.

ते महिने वाईट गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. फोन लागायचा, तुटायचा, पुन्हा लागायचा. काका एक दिवस वॉर्डाच्या दारापर्यंत चालत गेले आणि परतही आले. परीक्षा झाली. वहिनी बॅग भरताना म्हणाली, "जमीन तिकडे आणखीच उंचसखल आहे म्हणे," आणि मग तिला जवळ घेऊन रडली.

गाडी डोंगरातल्या स्टेशनवर थांबली तेव्हा तिकडेही भुरभुर होती. तो फलाटावर साधी, घरगुती छत्री घेऊन उभा होता. जवळ येताच त्यानं ती पूर्ण तिच्या डोक्यावर धरली आणि स्वतः पावसात उभा राहिला.

तिनं छत्रीचा दांडा धरून मधोमध आणला. छत्री लहान होती. त्याचा एक खांदा भिजायला लागला, तिचा एक.

"उजवा अजून खालीच आहे," ती म्हणाली.

"तपासायला कोणी नव्हतं," तो म्हणाला आणि तिची बॅग त्यानं डाव्या खांद्यावर घेतली.