चमच्यावरची फुंकर

"मुखवटेवाल्याची गेलेली बायको म्हणे दुपारी आईच्या उशाशी बसलेली दिसते, आणि मग ती..."

जिन्यात बोलणाऱ्या दोघी मला बघून गप्प झाल्या. मला! या इमारतीत कुणाकडे काय शिजतंय हे झाकण न उचलता सांगणारी मी, आणि माझ्यासमोर बातमी अर्धी गिळायची? जिवाला लागलं हो. नशिबाने मुखवटेवाल्याची शिडी आमच्याकडे पडून होती. ती उचलली आणि समोरच्या दारात जाऊन उभी राहिले.

टीव्हीवर सध्या एक मालिका लागते. दुसऱ्या ग्रहावरून पाहुणा येतो, आणि ज्या घरात कुणाची वाट पाहिली जात असेल, तिथे त्याच माणसाचा चेहरा घेऊन शिरतो. त्या पाहुण्याचे रबरी मुखवटे आमच्या या शेजाऱ्याच्या हातचे.

दार उघडंच होतं. पडदे ओढलेले. प्लास्टर आणि ओल्या रबराचा कोंदट वास. टेबलावर ओळीने चेहरे, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं.

"शिडी तिथे टेकवा, ताई," तो हळूच म्हणाला. "आणि बघायलाच आलाय, तर आवाज न करता बघा."

चोरी पकडली गेली. मी हसले. तो हसला नाही.

बायको गेली तेव्हापासून त्याची अंथरुणाला खिळलेली सासू अन्नाला शिवेना. लेकीच्या हातूनच खायची सवय. मग त्याने बायको असताना हौसेने घेतलेला तिच्या चेहऱ्याचा साचा काढला आणि मुखवटा केला. मालिकेतला पाहुणा होणारी नटी दुपारी तो चढवून येई आणि आजींना सूप भरवी.

"म्हातारीला अंधुक दिसतं. त्यावर जगतेय. पाप लागलं तर मला लागू दे."

मी आतल्या खोलीच्या दाराच्या फटीतून पाहिलं. त्याच्या बायकोचीच पाठ, मान तशीच किंचित कललेली. ती चमचा उचलायची, फुंकर घालायची, आणि आजी लहान पोरासारखा आ करायच्या. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात बाहेरून नटी धापा टाकत आली. काखेत मुखवट्याचा डबा.

"सॉरी दादा, गाडी बंद पडली. आजी उपाशी असतील ना?"

मुखवटेवाल्याच्या हातातला ब्रश गळून पडला. "मग... मघाशी चेहरा चढवून माझ्यासमोरून आत गेली ती..."

आम्ही तिघं आत शिरलो. त्या खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज. खुर्ची रिकामी होती. वाडग्यातला चमचा अजून हलत होता.

"ओरडू नका," आजी पुटपुटल्या. "मला नीट दिसत नसलं तरी कळतं. रबराचे ओठ फुंकर घालत नाहीत. ही पोरगी यायची चुकते ना, त्या दुपारी ती येते."

"म्हणजे... तुमची लेकच ना, आजी?"

"लेकीची फुंकर ऊन असायची गं. हिची... एका फुंकरीत वाफ मरते. जिभेवर बर्फ ठेवल्यासारखं."

"मग खाता कशाला?"

"माझं पोट भरलं की जाते. मी नको म्हटलं, तर ती तो चमचा घेऊन... कुणाकडे जाईल?"

जिन्यातली बातमी अर्धीच खरी निघाली. चेहरा परत आला होता. ती नव्हती आली.

नटीने पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाही. मीच जायला लागले. लाडीगोडी लावून, कधी दटावून आजींना चार चमचे पाजायचे. काल मात्र त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "पुरे गं आता. थकले मी."

आज आमचे हे तापाने पडून आहेत. दुपारी मी ओट्याशी त्यांच्यासाठी सूप ढवळत होते, अजून गाळायचंही बाकी होतं. आतून ह्यांचा आवाज आला, अगदी लाडातला...

"अगं, किती फुंकर घालशील? गार झालं की!"