ठाम्मा कोणत्या गाडीत?

सहलीला निघताना मोठी माणसं दहादा सामान तपासतात, आणि परतताना हाताला लागेल ते डिकीत कोंबून सुटतात. प्रसन्नकाका त्यातलाच. समुद्रावरून धुकं सरकत येताना दिसलं आणि त्याची जी घाई सुरू झाली ती थांबेचना. चटया गुंडाळा, डबे भरा, पोरांनो बसा, धुक्यात त्या अरुंद रस्त्यावर अडकलो तर पंचाईत होईल. बघता बघता दोन्ही गाड्या भरल्या आणि घराकडे, आयर्लंडमधल्या कासलबारच्या दिशेने निघाल्यासुद्धा. पुढे शेजारच्या अनिर्बाणकाकाची लाल गाडी, मागे प्रसन्नकाकाची नवी कोरी, सात सीटची.

या मोठ्या गाडीत पुढे प्रसन्नकाका आणि पद्मजामावशी होते. मागे तीन मुलं. तेरा वर्षांची भार्गवी नागपूरहून सुट्टीसाठी या मावशीकडे आली होती. सारंग मावशीचा मुलगा, भार्गवीच्याच वयाचा. मराठी सगळं समजायचं, पण बोलायला तोंड उघडलं की इंग्रजी बाहेर पडायची. तिसरा नऊ वर्षांचा ऋक, अनिर्बाणकाकाचा मुलगा. तो घरीही इंग्रजीतच बोलायचा. भार्गवीच्या शेजारची जागा मात्र रिकामी होती. सकाळी येताना तिथे ऋकची आजी, म्हणजे ठाम्मा, बसली होती.

आता या ठाम्माचं आणि भार्गवीचं काय नातं, ते सांगायला हवं. भार्गवीला आईने आयर्लंडला पाठवलं ते इंग्रजी सुधारावं म्हणून. पण मे महिन्यात सारंगची शाळा चालू होती, मावशी आणि काका दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले. पोरगी घरात बसून कंटाळली. शेजारच्या घरात ठाम्माही तशीच एकटी. कृष्णनगरहून मुलाकडे आलेली, आणि दिवसभर बोलायला कोणी नाही. तिचं हिंदी मोडकंतोडकं, भार्गवीचं बंगाली शून्य. पण वांगी चिरताना एक शब्द, लुडो खेळताना दोन, असं करत दोघींचं झकास जमलं. बंगालीत काकाला ‘काकू’ म्हणतात हे कळल्यावर भार्गवी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. जून उजाडेपर्यंत ती ठाम्माशी बंगालीत भांडायला लागली. आयर्लंडला जाऊन आपली लेक बंगाली शिकतेय हे ऐकून नागपूरला आईने कपाळावर हात मारून घेतला.

“मावशी, ठाम्मा कुठे बसली?” भार्गवीने विचारलं.

मावशी मोबाइलमधले फोटो बघत होती. मान वर न करता म्हणाली, “अनिर्बाणच्या गाडीत असतील. आई आहे ना त्याची.”

भार्गवीचं समाधान झालं नाही. तिने ठाम्माला फोन लावला, आणि गाडीतच रिंग वाजली. सीटखाली ठाम्माची कापडी पिशवी होती. आत फोन, चष्मा आणि गोळ्यांची डबी. चष्मा इथे ठेवून ठाम्मा दुसऱ्या गाडीत बसेल? मावशीला त्यात काही विशेष वाटलं नाही. विसरल्या असतील, घरी गेल्यावर देऊ, एवढंच ती म्हणाली.

फाट्यावर लाल गाडी थांबली तेव्हा सारंग पुढे वाकला. त्या गाडीच्या मागच्या सीटवर घडीच्या खुर्च्या पार छतापर्यंत रचल्या होत्या. तिथे मांजर बसलं असतं तर तेही चेंगरलं असतं. त्याने बाबाला दाखवलं. काका म्हणाला, ठाम्मा ठेंगणी आहे, खुर्च्यांच्या आड दिसत नसेल. मावशीने अनिर्बाणकाकाला फोन लावून पाहिला, पण रेंज नव्हती. तेवढ्यात लाल गाडी वळून धुक्यात दिसेनाशी झाली. मागे वळून बघून येऊ असं मुलांनी म्हटलं, तर काकाने साफ नकार दिला. या रस्त्यावर गाडी वळवायला जागा कुठे आहे? घरी पोचल्यावर काय ते बघू.

“भरती सुरू झालीय,” सारंग भार्गवीच्या कानात म्हणाला. अगदी मराठीत म्हणाला, म्हणजे तो किती घाबरला असेल बघा. पार्किंगमधल्या फलकावर भरतीची वेळ त्याने वाचली होती. दुपारी जिथे सगळी वाळूवरून चालत फिरली होती, तिथे आता पाणी चढणार होतं. ठाम्मा खरंच मागे राहिली असेल तर घरी पोचल्यावर बघून काय उपयोग?

“गाडी थांबवायलाच हवी,” भार्गवी पुटपुटली. “पण हा ऐकतो कुठे!”

सारंगने क्षणभर विचार केला. मग पोट धरलं, गाल फुगवले आणि कण्हत म्हणाला, “बाबा, आय’म गोइंग टू बी सिक.”

नव्या गाडीत ओकारी म्हटल्यावर काकाला लगेच जागा सापडली. एका शेताच्या फाटकापाशी गाडी थांबली, काका उतरून सारंगला बाहेर ओढू लागला. सारंगनेही असे काही आवाज काढले की ऋकलाच मळमळायला लागलं. तेवढ्यात भार्गवीने मावशीच्या हातातला फोन घेतला आणि चढावर धावत सुटली. मावशी मागून ओरडत राहिली. वर पोचल्यावर रेंजची एक काडी दिसली. तिने ऋकच्या आईला, शर्मिलाकाकूला, फोन लावला आणि बंगालीतच विचारलं, ठाम्मा तुमच्या गाडीत आहे का?



“ना,” शर्मिलाकाकू म्हणाली. “तोमादेर गाड़ीते ना?” तुमच्या गाडीत नाही, असं ती विचारत होती.

भार्गवीने धावत खाली येऊन हे सांगताच मावशीने सगळ्या मुलांना गाडीत बसवलं. ज्या रस्त्यावर गाडी वळत नव्हती, त्याच रस्त्यावर काकाने ती एका झटक्यात वळवली. सारंगच्या नाटकाबद्दल त्याला कोणी चकार शब्द बोललं नाही. रेंज येताच मावशीने आपत्कालीन मदतीला फोन केला. बचाव बोट निघतेय, पण धुकं दाट आहे, वेळ लागेल, असं उत्तर मिळालं. ऋक एव्हाना रडायला लागला होता. भार्गवीने त्याचा हात घट्ट धरून ठेवला. तिलाही रडू येत होतं. गाडीत बसताना आपणच नीट का पाहिलं नाही, हे तिच्या मनातून जाईना.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. दुपारी चटया घातल्या होत्या त्या जागेवर लाटा येत होत्या. समोर डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी दोन खडकाळ बेटं. ओहोटीला दोन्हींपर्यंत वाळूतून चालत जाता यायचं. आता वाळू पाण्याखाली गेली होती आणि बेटं धुक्यात. सगळ्यांनी हाका मारमारून घसा कोरडा केला.

काकाने जवळच्या घराचं दार ठोठावलं. तिथे राहणाऱ्या डेक्लन नावाच्या शेतकऱ्याकडे इंजिनाची छोटी बोट होती. त्याने जास्त प्रश्न विचारले नाहीत. बूट चढवले आणि बोट पाण्यात ढकलली. एकच गोष्ट त्याने स्पष्ट सांगितली. दोन्ही बेटं बुटकी आहेत, आज उधाणाची भरती आहे, ती पुरी चढली की वरती उभं राहायला जागा उरत नाही. एका बेटावर शोधून दुसऱ्यावर जाण्याइतका वेळ हातात नाही. तेव्हा नीट आठवून सांगा, बाई कोणत्या बाजूला गेली असेल?

मावशीने डावीकडे बोट दाखवलं. दुपारी फोटो काढायला सगळे तिकडेच गेले होते, उजवीकडे नुसते दगड आणि झुडपं आहेत, तिकडे त्या कशाला जातील? काकालाही ते पटलं. डेक्लनने इंजिन चालू करण्यासाठी दोरी हातात घेतली.

तेवढ्यात धुक्यातून एक आवाज आला. बारीक, कापरा, उंच चढत जाणारा.

“थांबा,” भार्गवी म्हणाली. “ती ठाम्मा आहे!”

काकाने डेक्लनकडे पाहिलं. डेक्लनने मान हलवली. समुद्रपक्षी धुक्यात असेच ओरडतात, म्हणाला. त्याची आजी तर असा आवाज आला की कोणी मेलं म्हणून दार लावून घ्यायची.

पण भार्गवीला तो आवाज पक्का ओळखीचा होता. ठाम्मा दर गुरुवारी लक्ष्मीची पूजा करायची, आणि दिवा लावला की जीभ झरझर हलवून हा आवाज काढायची. उलू म्हणतात त्याला. शुभ कार्यात बंगाली बायका उलू देतात, आणि गावाकडे वादळ आलं, धरणीकंप झाला तरी देतात, असं तिने भार्गवीला सांगितलं होतं. भार्गवीने हे सगळं धडाधड सांगून टाकलं. उजवीकडून येतोय आवाज, उजवीकडे चला. पण काका ऐकायला तयार नव्हता. तो म्हणाला, ही खेळायची वेळ नाही, तुला भास होतोय, बाजूला हो.

“काहून ऐकत नाही तुम्ही?” भार्गवी कळवळून म्हणाली. रडवेली झाली की तिचं नागपूर बाहेर यायचं.

सारंगने तिचा दंड धरला. पक्षी असेल तर आपल्याला उत्तर देणार नाही, ठाम्मा असेल तर देईल. तू कर तो आवाज.

आता गंमत अशी, की भार्गवीला उलू कधीच धड जमला नव्हता. दर गुरुवारी ती प्रयत्न करायची आणि ठाम्मा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. तिने तोंडापुढे हात धरला. पहिल्यांदा नुसतं फुर्र झालं. आज कोणी हसलं नाही. तिने जीभ ओली केली, डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी आवाज निघाला. वाकडातिकडा, पण निघाला आणि धुक्यात दूरवर गेला.

पलीकडचा आवाज एकदम थांबला. मग उजवीकडून घाईघाईने तीनदा उत्तर आलं. भार्गवीने पुन्हा उलू दिला. पुन्हा तीनदा.

डेक्लनने मोठ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटीतलं लाइफ जॅकेट उचलून त्याने भार्गवीसमोर धरलं आणि म्हणाला, हिचे कान लागतील मला. काकाने तिचा खांदा घट्ट पकडला होता. मग त्यानेच जॅकेटचे पट्टे एकेक करून आवळले आणि तिला बोटीत बसवलं.

धुक्यात हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. डेक्लन थोडं अंतर जायचा, इंजिन बंद करायचा, भार्गवी उलू द्यायची आणि दोघं कान लावायचे. उत्तर आलं की बोट तिकडे वळायची. पण दर खेपेला उत्तर बारीक होत चाललं होतं. एकदा तर आलंच नाही. भार्गवीने परत आवाज दिला, तरी नाही. लाटा बोटीच्या कडेवर आपटत होत्या.

“ठाम्मा!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. “आमि एशेछि! मी आलेय!”

अगदी जवळून, धाप लागल्यासारखा एक अर्धाच उलू ऐकू आला.

ठाम्मा एका खडकावर उभी होती. गुडघ्यापर्यंत पाणी, साडी भिजून पायांना चिकटलेली, एक हात दगडाला घट्ट धरलेला. दुसऱ्या हातात पदराचं गाठोडं, त्यात हिरवी पानं ठासून भरलेली. दुपारी तिला उजवीकडच्या बेटावर पालकासारखी रानभाजी दिसली होती. सगळे फोटोंत दंग होते, म्हणून ती एकटीच खुडायला गेली. भाजी खुडण्याच्या नादात पाणी कधी चढलं ते तिला कळलंच नाही. डेक्लनने तिला उचलून बोटीत घेतलं. भार्गवीने तिला मिठी मारली आणि ती हुंदके देऊन रडली. ठाम्मा थंडीने कुडकुडत होती, तरी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

किनाऱ्यावर आता लाल गाडीही आली होती. पाठोपाठ बचाव बोटीवरची माणसंही पोचली. त्यांनी ठाम्माला ब्लँकेटात गुंडाळलं, नाडी पाहिली, आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं. तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग कौतुकाला ऊत आला. डेक्लनने भार्गवीचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि इतके चांगले कान या किनाऱ्यावर कोणाचे नाहीत, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मावशीने तिन्ही मुलांना जवळ ओढलं. काकाने सारंगची पाठ थोपटली. गाडीत तुमचं ऐकायला हवं होतं, माझं चुकलं, असं त्याने सरळ कबूल केलं. शाबास रे पोरांनो, शाबास.

ठाम्मा हे सगळं ऐकत बसली होती. मग ती हळू आवाजात बंगालीत एक वाक्य बोलली. ते ऐकून अनिर्बाणकाकाने मान खाली घातली.

“काय म्हणाल्या त्या?” प्रसन्नकाकाने विचारलं.

भार्गवीला समजलं होतं, पण सांगणं जड जात होतं. “ती म्हणाली, रात्री जेवायला पानं वाढली असती, एक पान उरलं असतं, तेव्हा तुम्हाला कळलं असतं.”

अनिर्बाणकाका ओल्या दगडांवर आईच्या पायांशी बसला, आपला स्वेटर काढला आणि तिचे पाय पुसू लागला. पुसता पुसता तो रडत होता, आणि ते लपवतही नव्हता.

ऋक इतका वेळ आईला चिकटून उभा होता. तो भार्गवीच्या कानाशी लागला आणि एक वाक्य बंगालीत कसं म्हणायचं ते त्याने विचारून घेतलं. मग ठाम्मासमोर जाऊन, अडखळत, आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी बंगालीत बोलला.

“ठाम्मा, भॉय पेयेछिले?” म्हणजे, तुला भीती वाटली होती का?

“खूब,” ठाम्मा म्हणाली.

ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. ऋक ब्लँकेटात शिरून तिला बिलगून बसला, आणि प्रसन्नकाका गाडीचा हीटर चालू करायला धावला.