शेडखालची गाडी

फोन आला तेव्हा सिराजुद्दीन सौदीतल्या अल-खोबरच्या आपल्या अत्तराच्या दुकानात जेवत होता. रेल्वे संग्रहालयात एक मराठी म्हातारा वारला होता. इथे मेलेल्या आपल्या माणसांची कागदपत्रं करून मयत घरी पाठवायचं काम सिराजुद्दीन बरीच वर्षं करत आला होता.

ताट सारून तो निघाला. ऑगस्टची दमट दुपार. एसीमुळे गाडीच्या काचा बाहेरून सारख्या धुरकटत होत्या. त्याने दोनदा उतरून फडकं मारलं.

संग्रहालय ते केवढं, चार डबे आणि एक जुनं डिझेल इंजिन. मेलेले गुरुनाथ आबा मनमाडचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. अर्धं अंग लुळं. त्यांच्यासाठीच मुलगा शिरीष आणि सून प्रमोदिनी आले होते, पण व्हीलचेअर पायऱ्या चढेना. आबांना शेडखाली गाडीतच ठेवलं, इंजिन आणि एसी चालू ठेवून. परत येऊन पाहिलं तर इंजिन बंद आणि आबा गेलेले.

संग्रहालयाचा पहारेकरी, दापोलीचा सुफियान, पोलिसांच्या जीपमध्ये बसला होता. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला तिथे बंदी होती, त्यावरून त्याचं शिरीषशी वाजलं होतं. आता इंजिन त्यानेच बंद केल्याचा आळ होता आणि वर्षानुवर्षं तुरुंग समोर होता.

"मामू, मी गाडीला हात लावला नाही," तो म्हणाला.

सिराजुद्दीनने प्रमोदिनीला विचारलं, "वहिनी, मध्ये कोणी बघायला आलं होतं?"

"मी. इंजिन चालू होतं. आबा मजेत होते."

"दार उघडलंत?"

"गारवा गेला असता. गाडीला हातही लावला नाही. काचेतून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला."

तिने मोबाइल दिला. काचेमागे आबा, डावा तळवा वर. खाली नाशिकच्या नातेवाइकांनी लिहिलं होतं, आबा टाटा करतायत.

सिराजुद्दीनने फोटो आधी स्वतःला पाठवला.

"या हवेत एसी चालू असलेल्या गाडीची काच पुसल्याशिवाय आतला माणूस दिसत नाही. इथे आबांच्या दाढीचे खुंट दिसतात. एसी बंद होता."

"मग सुफियानने आधीच बंद केला असेल."

"तर तुम्ही इंजिन चालू होतं असं का सांगितलंत? बंद तुम्हीच केलंत. काच सुकेपर्यंत थांबलात. तुम्ही निघालात तेव्हा आबा ठीक होते, हे सगळ्यांना दिसावं म्हणून फोटो. ते टाटा करत नव्हते वहिनी, काच ठोकत होते."

ती रडली नाही. "दोन वर्षं गू-मूत मी काढलं. हा नुसता म्हणायचा, आबा इथेच राहतील."

शिरीष फोटोकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सिराजभाई, आमच्या मुलीची, मुग्धाची, यंदा दहावी आहे. सुफियानला मी चांगला वकील देतो."

"आणि आबा?"

"आबा तर गेले."

त्याने स्वतःचा मोबाइल काढला. ग्रुपचा अॅडमिन तोच होता. "फोटो काढून टाकला," तो म्हणाला.

"माझ्याकडे आहे," म्हणत सिराजुद्दीन जीपकडे गेला आणि पोलिसांना अरबीत सगळं सांगितलं.

सुफियान उतरला. त्याच्या जागी प्रमोदिनी बसली. शिरीष तिची पर्स घेऊन जीपमागे धावला. शेडखाली आबांजवळ कोणीच नव्हतं, म्हणून सिराजुद्दीन तिथे जाऊन उभा राहिला.