फणसाखालचं स्टूल

माझ्या बोडाच्या, म्हणजे भाड्याने चालवायच्या मोटरसायकलच्या, मागच्या शॉकअपने मान टाकली ती नेमकी त्या फणसाच्या झाडासमोर. खाट्‌कन आवाज झाला, गाडी एका अंगाला बसली आणि मागच्या सीटवरच्या सात महिन्यांच्या गरोदर कटुसाबेने माझ्या कमरेला असा विळखा घातला की माझाच श्वास अडकला.

झाडाखाली एक जण उकिडवा बसून चेन धूत होता. तो उठला. आधी कटुसाबेला स्टूल दिलं, पाणी दिलं, ओळखीच्या बोडावाल्याला थांबवून तिला सावकाश दवाखान्यात न्यायला सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळला.

“मी बागुमा. एम्पाको आराली. आणि तुमचं?”

आमच्या टोरो मुलुखात अनोळखी माणूससुद्धा आधी हेच विचारतो. एम्पाको म्हणजे मायेने हाक मारायचं नाव. विचारल्यावर ते न सांगणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. पण माझं डोकं तापलेलं होतं.

“तुम्हाला गाडी दिसत नाही का?”

“दिसतेय की... पण गाडीपेक्षा राग मोठा दिसतोय.”

“मग रागाकडे बघू नका, गाडीकडे बघा.”

तो हसला. त्याच्या डाव्या गालावर ग्रीसचा पट्टा होता आणि हसला की तो पट्टा वाकडा व्हायचा. मी काही मुद्दाम बघितलं नाही... बरं, बघितलं.

“मागचे दोन्ही शॉकअप गेलेत, पुढचेही थकलेत. गाडी ठेवून जा, परवा न्या.”

“ठेवून? मुळीच नाही!”

गेल्या वर्षी शहरातल्या एका गॅरेजात दुपारभर गाडी ठेवली होती. माझा चांगला कार्ब्युरेटर गेला आणि कुणाचा तरी खंगलेला आला. म्हणून तर आमच्याकडे गाडी खोलली की बोडावाला मेकॅनिकशेजारी स्टूल टाकून बसतो आणि शेवटचा नट आवळेपर्यंत हलत नाही. मी त्याच्याही पुढे गेले होते. परक्या हाताने माझ्या गाडीला शिवायचंच नाही, काय करायचं ते मीच करणार.

संध्याकाळी सिस्टर न्यामाहुंगेंनी मला दवाखान्यात बोलावलं.

“सोमवारी कटुसाबेला पुन्हा तपासायचंय, त्याआधी शुक्रवारी मी गाडी तपासणार. हादरे बसले, तर डोंगरातल्या गरोदर बायका आणायचं काम मी दुसऱ्याला देते. गाडी कुणाची याच्याशी मला देणंघेणं नाही, बाळं नीट हवीत.”

हे काम मिळावं म्हणून मी दोन वर्षं त्यांचा उंबरा झिजवला होता. पुरुषाच्या पाठीला टेकून बसायला लाजतात म्हणून किती जणी कळा सुरू झाल्या तरी घरातच बसून राहायच्या! माझ्या मागे त्या बिनघोर बसत. ते काम गेलं असतं, तर त्या पुन्हा पायी निघाल्या असत्या, आणि निघायला उशीर केला असता.

दुसऱ्याच दिवशी फोर्ट पोर्टल शहरातून मी मागचे दणकट, जाड स्प्रिंगचे शॉकअप आणले. घरी एक पाना आणि दोन हात. बोल्ट काही हलेना. शेवटी गाडी ढकलत फणसाखाली नेली.

“हत्यारं वापरायला देतोस?” मी विचारलं.

“हत्यारं देतो. हात नकोत?”

“हात माझे आहेत.”

“दिसतायत,” तो म्हणाला. “चांगले आहेत.”

मी पाना जवळजवळ हिसकावूनच घेतला. “एक अट. मी मागितल्याशिवाय बोट लावायचं नाही.”

“मान्य, मालकीणबाई!”

आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर तो स्वतः जाऊन बसला. भाजलेलं केळं खात, दोन दिवस. मी चुकीच्या बाजूने जोर लावला की हळूच खोकायचा. गंजलेल्या बोल्टवर मी दात-ओठ खात होते, तेव्हा झाडाकडे बघत म्हणाला, “रॉकेल टाकून तासभर थांबावं, असं कुणीसं म्हणत होतं.”

“कोण?”

“फणस.”

मी हसू दाबलं. रॉकेल टाकलं. तासाभराने बोल्ट सुटला, आणि त्या तासात त्याच्या पानातलं अर्धं केळं माझ्या पोटात गेलं होतं.

गुरुवारी दुपारी मागची बाजू झाली. माझ्या हातांनी झाली! तो उठला, सीट दाबून बघण्यासाठी हात पुढे केला... आणि मागे घेतला.

“पुढचं मी करू? तिथे तेल मोजून घालावं लागतं.”

“तेही मीच करणार.”

“मग सकाळी या.”

मी गेले नाही. स्टेजवरच्या, म्हणजे आमच्या बोडांच्या अड्ड्यावरच्या, चेअरमनने उपाय सांगितला होता, “इंजिनचं ऑइल ओत पुढच्या शॉकअपच्या दांड्यांत. दगड होतील दगड!” आमच्या स्टेजवर सगळे हेच करतात. टणक ते मजबूत, असा आमचा हिशेब. मी घरीच काठोकाठ ऑइल भरलं आणि शुक्रवारी मोठ्या ऐटीत दवाखान्यासमोर गाडी उभी केली.

“रिकाम्या गाडीवर काय कळणार?” सिस्टर म्हणाल्या. “पोटुशी बाई बसल्यासारखं वजन पाहिजे.”

कोण बसणार? स्टेजवरचे बाप्ये खाली बघायला लागले. तेवढ्यात गर्दीतून बागुमा पुढे आला. बहिणीच्या रंगीत कापडाने त्याने पोटाला रताळ्यांचं पोतं बांधलं होतं. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, आमच्या बायका बसतात तसा तो बसला.

सगळं स्टेज हसून फुटलंच! “आराली, कितवा महिना?”

“नववा लागलाय. वाट द्या, पोरगं रताळ्यावर गेलंय!”

मी निघाले. “मला धर, पडशील.”

“मागितल्याशिवाय बोट लावायचं नाही, अशी अट आहे.”

“ती अट गाडीची होती!”

“मग आता मागा.”

रस्त्यावर धोंडे, पाठीमागे हसणारं गाव, आणि माझे कान लाल. “...धर.”

त्याने हात ठेवला. अगदी हलका. पुलापर्यंत जाऊन परत आलो, त्यात मला किती खड्डे लागले ते विचारू नका.

“कसं वाटलं, आई?” सिस्टरनी विचारलं. सगळे हसले. तो हसला नाही. एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मागून एकदम मऊ. पण पुढून दणका बसतो. पुलाजवळ तर पोटापर्यंत गेला. इतक्यात कुणा बाईला बसवू नका.”

मला वाटलं, जमीन फाटावी. गाडीवरून उतरून मी त्याला बाजूला ओढलं.

“एक शब्द खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं?”

“सोमवारी माझ्या जागी कटुसाबे असती.”

तो वाकला. दांडीवरून ओघळलेलं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. “इंजिनचं?”

मी मान डोलावली. तो ओरडला नाही, खोकलासुद्धा नाही. मला माझीच लाज वाटली. ज्या हातांपासून मी गाडी जपत होते, त्याच हातांच्या माणसाने सगळ्यांसमोर माझा राग ओढवून घेतला होता, माझ्याच बायकांसाठी. मला जमतं की नाही, हे मी मागच्या चाकावर दाखवलं होतं. पुढचं चाक माझ्या हट्टासाठी नव्हतं.

“सिस्टर,” मी म्हणाले, “शुक्रवार अजून संपला नाही. चार वाजेपर्यंत द्या.”

“चार म्हणजे चार,” त्या म्हणाल्या.

फणसाखाली जाऊन मी किल्ली बागुमाच्या हातावर ठेवली. “पुढचं तू कर.”

त्याने स्टूल पुसून पुढे सरकवलं. “बसा. नजर ठेवा.”

“नको,” मी म्हणाले. “मी चहा घेऊन येते.”

त्याचा हात तसाच राहिला. गाडी खोललेली टाकून चहाला जाणारं माणूस आमच्या स्टेजने आजवर पाहिलेलं नाही. मी गेले, आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. तुमची शपथ, ते बोल्ट सोडवण्यापेक्षा अवघड होतं.

परतले तेव्हा त्याने दांड्या रिकाम्या करून धुतल्या होत्या आणि औषधाच्या सिरिंजने दोन्हींत सारखं, पातळ तेल भरलं होतं. चार वाजता सिस्टर स्वतः मागे बसल्या. परत आलो तेव्हा डोक्यावरची टोपी तसूभरही हलली नव्हती.

“सोमवारी कटुसाबेला आण,” एवढंच बोलून त्या आत गेल्या.

मी थेट फणसाखाली आले. तो हात धूत होता.

“अकीकी,” मी म्हणाले.

“काय?”

“माझं एम्पाको. तू विचारलं होतंस...”

“ठाऊक आहे. स्टेजवर दिवसभर सगळे त्याच नावाने ओरडतात.”

“मग एकदाही हाक मारली नाहीस?”

“तू दिलं नव्हतंस.”

“आता दिलं. आणि... आवडतोस तू मला, आराली. तू पण बोल काहीतरी!”

गालावरचा पट्टा वाकडा झाला. “मी आणखी काय बोलू? भरदिवसा पोटाला रताळी बांधली, तेव्हाच गावभर सांगून झालं...” आणि मग अगदी हळू म्हणाला, “अकीकी.”

स्टूल एकच होतं. मी त्याच्या अर्ध्या भागावर बसले आणि म्हणाले, “पुन्हा म्हण.”