सात नंबरची जोडी

मी दुकानात शिरले तेव्हा माझे बूट एका अनोळखी माणसाच्या पायात होते.

रायपूरच्या पंडरी बाजारातलं सुशीलभैयांचं खेळाच्या सामानाचं दुकान कापडाच्या ठोक दुकानांच्या मधे अंग चोरून उभं आहे. बाहेर साड्यांचे गठ्ठे उतरत होते आणि आत तो माणूस आरशासमोर खाली बसत होता, उठत होता, पुन्हा बसत होता. उंच, चष्मेवाला, अंगात ऑफिसचा फिकट निळा शर्ट... आणि पायात लाल-काळे, पट्ट्याचे, उंच कडक टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट. ज्यांच्यासाठी मी दिवाळीआधीपासून भैयांच्या मागे लागले होते!

"भैया, ये तो मेरे हैं ना?"

सुशीलभैयांनी जीभ चावली. "अरे दीदी, एक ही जोड़ी आई. आप आतीं उसके पहले इन भैया ने देख ली, पहन ली..."

तो गर्रकन वळला. "सॉरी, मला माहीत नव्हतं—" मग आपण मराठीत बोललो हे त्याच्या लक्षात आलं. "मतलब, मुझे पता नहीं था."

"मराठीतच बोला," मी म्हटलं. "मी तात्यापाऱ्याची आहे, इथल्या मराठी वस्तीतली. आणि बूट काढा."

तो हसला. बूट मात्र काढले नाहीत.

"काढतो. पण मलाही हवेत. ज्याला जास्त गरज, त्याचे... चालेल?"

मी कॉलेजपासून वजन उचलते आहे. अशी पैज कोण सोडतं?

"चालेल. आता मोज्यांवर उभे राहा आणि एकदा पूर्ण खाली बसून दाखवा."

त्याने गुपचूप बूट काढले आणि खाली बसला. टाचा जमिनीला चिकटलेल्या, पाठ ताठ, चेहरा निवांत. जणू चहा येईपर्यंत तिथेच बसणार होता.

"घोटे मस्त आहेत तुमचे," मी बोलून गेले आणि मग कळलं, आपण भर पंडरीत एका परक्या पोराला काय म्हणालो ते.

त्याचे कान लाल झाले. "आजवर कुणी... असं कौतुक केलं नव्हतं."

"ऐका," मी घाईने म्हटलं. "माझे घोटे इतके वाकत नाहीत. खाली बसले की टाच उचलली जाते. डोक्यावर बार असताना टाच उचलली गेली तर मी तोंडावर पडेन. म्हणून मले ही उंच टाच पाहिजे. तुम्ही काय उचलता?"

"डेडलिफ्ट. जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं, बस. सध्या याच्यात करतो." त्याने कोपऱ्यातल्या आपल्या धावायच्या बुटांकडे बोट केलं. तळ असा फुगीर, की बोट दाबलं तर आत जाईल.

"गादीवर उभं राहून कपाट उचलाल काय तुम्ही? तुमच्यासाठी सपाट, पातळ तळाचे पाहिजेत. शाळेतली पोट्टी पीटीला घालतात ना, पांढरे कॅनव्हासचे? ते घ्या."

"पीटीचे?"

"हव."

त्याने लाल-काळ्या बुटांचे तळ आपल्या रुमालाने पुसले आणि जोडी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "घ्या. जिंकलात तुम्ही."

"जिंकायचं अजून बाकी आहे. जानेवारीत भिलाईला राज्य स्पर्धा आहे."

मी बूट घालून पाहिले. पुरुषांचे सात नंबर म्हणजे मला थोडे सैलच. पण भैयांकडे याहून लहान माप येतच नव्हतं, मोज्यांवर मोजे चढवले की काम भागणार होतं. "आणि काय हो," पट्टा ओढता ओढता मी विचारलं, "एवढा लांब माणूस आणि सात नंबर?"

"घरीसुद्धा सगळे हेच विचारतात," तो म्हणाला.

त्याचं नाव गंधार. नाशिकचा. नवा रायपूरच्या नगररचनेच्या ऑफिसात नुकताच लागला होता. मी इरावती, सिलतऱ्याच्या एका स्टील कारखान्यात, प्रयोगशाळेत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो आमच्या जिममध्ये हजर झाला; पत्ता मीच दिला होता. पायात पांढरे पीटीचे बूट! सगळी पोरं हसली. हा मात्र शांतपणे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "डॉक्टरांनी लिहून दिलेत."

थंडीचे दिवस होते. मी कारखान्यातून थेट यायचे, केसांत भट्टीचा वास घेऊन. तो नवा रायपूरच्या बसमधून उतरून यायचा. मी बारखाली असले की तो समोर उभा राही. उचललं की नुसता मान हलवी. त्या एका मान हलवण्यासाठी मी जड प्लेटा लावू लागले, हे मला फार उशिरा कळलं.

"तू कारखान्यात नक्की काय करतेस?" एकदा त्याने विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते आठवत नाही.

"लोखंड ताणून पाहते. तुटेपर्यंत."

"म्हणजे दिवसभर लोखंड तोडायचं आणि संध्याकाळी उचलायचं."

"अन् तू?"

"मी रस्ते काढतो. कागदावर." मग जरा थांबून... "गालाला पावडर लागलीय तुझ्या."

हाताला लावायची पांढरी पावडर होती ती. मी पुसायला हात नेला, तोही पांढराच.

"राहू दे," तो म्हणाला. "छान दिसतेय."

आणि बारच्या एका बाजूला एक प्लेट जास्त चढवून गेला. मी उचलला तसा बार एकीकडे कलला. आमच्या कोच चेतना मॅडम ओरडल्या, "गंधार! ध्यान किधर है?"

ध्यान कुठे होतं ते मला ठाऊक होतं.

स्पर्धेला महिना उरला असताना तो एक खोका घेऊन आला. त्यात बायकांच्या मापाचे, पांढरे, नवेकोरे वेटलिफ्टिंगचे बूट.

"तुझी डावी टाच बुटाच्या आत सरकते," तो म्हणाला. "बार डोक्यावर नेताना तू दर वेळी पुढे जातेस. मी पाहतोय ना. ते बूट तुझ्या मापाचे नाहीत, इरा."

त्याच दिवशी तीच उचल माझी पुन:पुन्हा फसली होती. खांदे दुखत होते. आणि हा, पीटीचे बूट घालून, मला माझे बूट शिकवत होता!

"मले न विचारता काहून आणले? स्पर्धेच्या तोंडावर कोणी बूट बदलते काय? तुले समजते तरी काय याच्यातलं?"

सगळी जिम ऐकत होती. त्याने खोका बाकावर ठेवला, चष्मा पुसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी समोर पाहून बार उचलत होते आणि समोर नुसती भिंत होती. वजन तेच, पण मान हलवणारं कुणी नाही. मला रागही आला. असा कसा हा, एका वाक्यात निघून जातो?

शेवटी मी चेतना मॅडमना सरळ विचारलं, "मॅडम, सच बताइए. एड़ी सरकती है क्या मेरी?"

"सरकती है," त्या म्हणाल्या. "पर जूता तेरा है, फैसला भी तेरा."

मी खोका उघडला. एकच मोजा, पट्टा आवळला, खाली बसले. टाच जागची हलली नाही. पाय जमिनीत रोवल्यासारखा. बार डोक्यावर नेला आणि तिथे तो थांबला, मी थांबले, सगळं थांबलं...

त्या शनिवारी मी स्कूटी काढली आणि नवा रायपूर गाठलं. रुंद, मोकळे रस्ते, दोन्हीकडे नुकतीच लावलेली झाडं. ऑफिस सुटून तो पायऱ्यांवर आला, मला पाहून थबकला.

"जिमला काहून येत नाही?" मी विचारलं.

"कंबर दुखतेय."

"खोटं."

"हो. खोटं."

"तू बरोबर होता," मी म्हटलं. "टाच सरकत होती. आजपासून मी तू आणलेलेच बूट घालून राहिली. पण मले आधी विचारायचं होतं तू. पाय माझे आहेत."

"विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "तू नाही म्हणशील, अशी भीती वाटली."

"नाहीच म्हटलं असतं."

"मग?"

"मग भांडलो असतो. पण तू समोर असता."

हिवाळ्याचं मऊ ऊन त्याच्या चष्म्यावर आलं होतं, डोळे दिसत नव्हते. हसू तेवढं दिसत होतं.

"इरा, ते... मला तुला काहीतरी—"

"आता नाही," मी स्कूटी सुरू केली. "माझं डोकं बारवर राहू दे. भिलाईले ये."

तो आला. हॉलमध्ये अगदी मागे उभा राहिला. पुढच्या रांगेत माझे बाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले शामराव, डबा मांडीवर घेऊन बसले होते. माझी शेवटची उचल होती. सरावातसुद्धा कधी न उचललेलं वजन मी स्वतः मागितलं होतं. चेतना मॅडमनी नुसतं पाहिलं, अडवलं नाही.

पट्टे आवळले. बार खांद्यापर्यंत आला. श्वास घेतला. वर ढकलला, पाय मागेपुढे फेकले... टाचा बुटात जागच्या हलल्या नाहीत. हात सरळ. पंचाचा हात खाली येईपर्यंतचा तो वेळ माझा होता, सगळाच्या सगळा.

रौप्यपदक मिळालं. सुवर्ण रायगढच्या मुलीने नेलं आणि तिने ते मस्त नेलं.

बाहेर गंधार गेटपाशी उभा होता.

"मी त्या दिवशी सांगणार होतो..." त्याने सुरुवात केली, "म्हणजे तुला वाटत असेल तर... मी—"

"मले तू आवडतो," मी म्हटलं. "खूप. तुझं सांग."

त्याने डोळे मिटले, उघडले. "मलाही. पंडरीपासून."

"मग चल."

मी त्याचा हात धरला आणि त्याला सरळ बाबांपाशी नेलं. ते झाडाखाली डबा उघडत होते. त्यांनी आधी पदकाकडे पाहिलं, मग हाताकडे.

"बाबा, हा गंधार. मले हा आवडते."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, शांतपणे डब्याचं झाकण त्याच्यापुढे सरकवलं आणि त्यात भाकरी ठेवली.

"उभा काहून आहे तो?" ते म्हणाले. "बसव त्याले. जेवला नसंन तो सकाळपासून."